थेंबभर द्रवाचा फुगवटा

‘चक्कर येते’ ही आपल्या भाषेतली फार ढगळ तक्रार आहे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, उपाशीपोटी पाय लटपटले तरी चक्कर आणि बसल्याजागी खोली गरगरा फिरायला लागली तरी चक्करच. म्हणून डॉक्टर आधी खोदून विचारतात: स्वतःभोवती सगळं फिरतं का? किती वेळ? मग एक प्रश्न येतो, जो अनेकांना अस्थानी वाटतो. त्या वेळी कानाचं काय होतं?

काही जणांकडे याचं उत्तर तयार असतं. आधी एका कानाला दडा बसतो. आत घूं घूं असा आवाज सुरू होतो, ऐकू कमी येतं. मग भिंती फिरू लागतात, मळमळतं, उलट्या होतात. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत कितीही वेळ हे चालतं आणि ओसरतं. सुरुवातीच्या काळात ऐकणंही पुन्हा पूर्वपदावर येतं. हा मेनियरचा आजार. मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रोस्पेर मेनियर या डॉक्टरांनी १८६१ मध्ये पॅरिसला मांडलं की अशी चक्कर कानातून येऊ शकते. तोवर ती मेंदूत रक्त साकळल्याचं लक्षण मानली जाई आणि त्यावर जळवा लावल्या जात!

पण ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा संबंध काय? एकच पाणी, एवढाच. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी कॉक्लिया ऐकण्यासाठी असते आणि तिला लागूनच तोल सांभाळणाऱ्या पिशव्या व तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. हाडात कोरलेल्या या पोकळीत पातळ पडद्याची दुसरी नळी असते, म्हणजे नळीत नळी. बाहेरच्या नळीत पेरिलिम्फ हा द्रव, आतल्या नळीत एंडोलिम्फ हा दुसरा द्रव. (आंघोळीच्या वेळी कानात जाणाऱ्या पाण्याशी याचा काही संबंध नाही, आणि कानात घातलेले थेंबही इथवर पोहोचत नाहीत.)

एंडोलिम्फ जेमतेम थेंबभर, पण विलक्षण. शरीरात पेशींच्या बाहेरच्या द्रवात सहसा सोडियम भरपूर आणि पोटॅशियम नगण्य असतं. इथे नेमकं उलटं. शिवाय कॉक्लियातल्या एंडोलिम्फवर सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो, जणू बारीकशी बॅटरी. आवाजाने किंवा डोकं हलल्याने संवेदी पेशींवरचे केस वाकले की पोटॅशियम आत घुसतं आणि संदेश मेंदूकडे निघतो.

हा द्रव सतत तयार होतो आणि सतत शोषला जातो. तो हिशेब बिघडला तर आतली नळी फुगते. बाहेर हाड असल्याने फुगायला जागा पेरिलिम्फच्या बाजूलाच. तिकडे पेशींच्या दोनच थरांचा राइसनरचा पडदा ताणला जातो. शंखाच्या टोकाकडे खर्जातले स्वर टिपले जातात आणि तिथे फुगवट्याचा परिणाम आधी जाणवतो. म्हातारपणी सहसा आधी बारीक, उंच आवाज जातात. इथे सुरुवातीला भरड, खालचे आवाज जातात. ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, पाहिला की हा फरक चटकन दिसतो.

आणि चक्कर? एक जुनं स्पष्टीकरण असं: ताणलेला पडदा फाटतो, पोटॅशियम बाहेर सांडतं, आसपासचे मज्जातंतू आधी खवळतात आणि मग मुके होतात. दोन कानांकडून येणाऱ्या निरोपांची तुलना करूनच मेंदू ‘डोकं फिरतंय’ असं ठरवतो, त्यामुळे एका बाजूची गडबड त्याला फिरण्यासारखीच भासते. ऐकायला हे फार नीटनेटकं आहे. जरा जास्तच.

कारण १९३८ मध्ये लंडनला हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, तर ओसाकाला यामाकावा यांनी मेनियरच्या मृत रुग्णांच्या कानांत हा फुगवटा दाखवला. पण पुढे ज्यांना हयातभर कधी चक्कर आली नव्हती अशांच्याही कानांत तो सापडला. सगळ्या फुगलेल्या कानांत पडदा फाटल्याच्या खुणाही नसतात. २००७ पासून जिवंत माणसाच्या कानातला फुगवटा एमआरआयवर दिसू लागला, तरी हे कोडं पुरतं सुटलेलं नाही. माझं मत विचाराल तर फुगवटा हा गुन्हेगार कमी आणि साक्षीदार जास्त वाटतो.

उपचारांतही तेच दिसतं. मीठ कमी करणं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचा तर्क सरळ, पुरावा मात्र कमकुवत. सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनची २२१ रुग्णांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे झटके कमी झाले खरे, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचेही तेवढेच झाले. हा आजार मुळात आपसूक चढतो-उतरतो, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हेच कळत नाही.

हट्टी झटक्यांवर मात्र एक उपाय बऱ्यापैकी चालतो: कानाच्या बाहेरच्या पडद्यामागे जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन. ते एक थेंबही पाणी कमी करत नाही. त्या बाजूच्या, तोल सांभाळणाऱ्या संवेदी पेशीच ते मारून टाकतं. एक कान कायमचा गप्प झाला तर मेंदू काही आठवड्यांत दुसऱ्यावर भागवायला शिकतो. कधी बोलणाऱ्या, कधी ओरडणाऱ्या कानाशी त्याला जुळवून घेता येत नाही. फक्त हेच औषध ऐकण्याच्या पेशींनाही मारू शकतं, म्हणून कान आधीच कितपत उरलाय हे पाहून सुई उचलली जाते.