पार्श्वभूमी : लोनवरचा हंगाम आणि राष्ट्रीय संघाची यादी

फुटबॉलमध्ये मोठ्या क्लबचा १९-२० वर्षांचा खेळाडू लोनवर जातो, म्हणजे मूळ क्लबशी करार कायम ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळतो, चार-सहा सामन्यांत चमकतो आणि लगेच ‘आता याला राष्ट्रीय संघात घ्या’ अशी ओरड सुरू होते. इंग्लंडमध्ये तर जवळजवळ प्रत्येक हंगामात असं एखादं नाव असतंच. जुनी उदाहरणं तपासली तर दिसतं ते असं, की लोनवरच्या फॉर्ममुळे पहिलं बोलावणं अनेकांना आलंय. मोठ्या स्पर्धेच्या यादीत नाव टिकणं मात्र त्या जागेसाठी आधीच किती जण रांगेत आहेत, यावर अवलंबून राहिलंय.

पूर्वी लोनकडे कोणी या नजरेने बघतच नव्हतं. १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने १९ वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमला चौथ्या श्रेणीतल्या प्रेस्टन नॉर्थ एंडकडे धाडलं, ते धक्केबुक्के खाऊन तयार व्हावं म्हणून. तिथे तो ५ सामने खेळला, २ गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. इंग्लंडकडून पदार्पण झालं सप्टेंबर १९९६ मध्ये, मोल्दोवाविरुद्ध. मधल्या काळात तो युनायटेडच्या पहिल्या संघात रुळला होता, लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून बसला होता. निवड झाली ती त्या कामगिरीवर. हॅरी केनचंही तेच. लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लिस्टर अशी चार ठिकाणं झाली. मिलवॉलमध्ये बरं चाललं, नॉर्विचमध्ये दुखापतीने घात केला आणि एकही गोल झाला नाही. त्या दिवसांत त्याच्यात इंग्लंडचा भावी कर्णधार कोणाला दिसला असेल, असं वाटत नाही. टॉटनहॅमकडून गोलांचा सपाटा लावल्यावर मार्च २०१५ मध्ये लिथुआनियाविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि ७९ सेकंदांत गोल केला.

चित्र बदललं ते बड्या क्लबांनी तरुण खेळाडूंचा साठा करायला सुरुवात केल्यावर. चेल्सी यात सर्वांत पुढे. एवढ्या पोरांना घरी खेळवायची सोय नाही, म्हणून ती युरोपभर वाटली जाऊ लागली, आणि त्यातली कित्येक थेट अव्वल श्रेणीत नियमित खेळू लागली. तिबो कोर्त्वा हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. २०११ मध्ये चेल्सीने त्याला घेतलं आणि लगोलग अॅटलेटिको माद्रिदला लोनवर दिलं. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने बेल्जियमकडून पदार्पण केलं आणि २०१४ च्या विश्वचषकात तो संघाचा पहिला गोलरक्षक होता, चेल्सीकडून तोपर्यंत एकही सामना न खेळता! त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सी आणि अॅटलेटिको समोरासमोर आले. मूळ क्लबविरुद्ध खेळण्यापासून त्याला रोखता येणार नाही, असं यूएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) स्पष्ट केलं. प्रीमियर लीगचा नियम उलटा आहे. २००४ मध्ये पोर्ट्समथकडे लोनवर असलेल्या लोमाना लुआलुआने आपल्याच न्यूकॅसलविरुद्ध बरोबरीचा गोल केला होता. आता तिथे लोनवरच्या खेळाडूला मूळ क्लबविरुद्ध उतरता येत नाही.

१० नोव्हेंबर २०१७ ची वेम्बलीवरची जर्मनीविरुद्धची मैत्रीपूर्ण लढत या विषयाचा सर्वांत चांगला धडा आहे. गोलशून्य सामना, पण चेल्सीचे दोन लोनवरचे खेळाडू त्या रात्री इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळले: क्रिस्टल पॅलेसकडे असलेला रुबेन लॉफ्टस-चीक आणि स्वान्सीकडे असलेला टॅमी अब्राहम. लॉफ्टस-चीकला प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट २१ वर्षांखालील फळीतून ओळखत होते. सात महिन्यांनी लॉफ्टस-चीक रशियातल्या विश्वचषकाला गेला, पनामा आणि बेल्जियमविरुद्ध सुरुवातीपासून खेळला. अब्राहम घरी राहिला. स्वान्सीची त्या मोसमात घसरण होऊन संघ खालच्या श्रेणीत गेला, त्याचे गोल आटले, आणि त्याच्या जागेवर केन होता. मधल्या फळीत मात्र चेंडू घेऊन पुढे सरकणाऱ्या खेळाडूची इंग्लंडला गरज होती. लोनचा क्लब निवडताना एजंट मंडळी मिळणाऱ्या मिनिटांचा विचार करतात. संघ गोलाच्या संधी तरी निर्माण करतो का, हा प्रश्न स्ट्रायकरसाठी तितकाच मोलाचा असतो, आणि तो नेमका मागे पडतो.

गोलरक्षकांची गोष्ट जरा वेगळी. तिथे खालची श्रेणी फारशी आड येत नाही. जॅक बटलंड २०११-१२ मध्ये चेल्टनहॅमकडून थेट चौथ्या श्रेणीत लोनवर खेळला आणि जॉन रडी जखमी झाल्याने त्याच उन्हाळ्यात युरो २०१२ (युरोपीय देशांची अजिंक्यपद स्पर्धा) च्या संघात गेला, वयाच्या १९ व्या वर्षी. जो हार्टने २००९-१० चा हंगाम बर्मिंगहॅम सिटीत काढला, तिथून तो दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाच्या संघात पोहोचला आणि परतल्यावर मँचेस्टर सिटीचा पहिला गोलरक्षकही झाला.

शेवटच्या कात्रीत सापडलेल्यांमध्ये जेसी लिंगार्ड येतो. तेव्हा तो तरुण नव्हता, २८ वर्षांचा होता. २०२१ च्या जानेवारीत वेस्ट हॅमकडे गेला, लीगच्या १६ सामन्यांत ९ गोल केले, मार्चमध्ये इंग्लंड संघात परतला आणि युरोच्या २६ जणांच्या अंतिम यादीतून वगळला गेला. जॅरड ब्रँथवेट पीएसव्ही आयंडहोवनमधल्या लोनवर घडला, एव्हर्टनला परतून स्थिरावला, जून २०२४ मध्ये बोस्नियाविरुद्ध पदार्पण केलं आणि काही दिवसांतच युरोच्या अंतिम यादीतून बाहेर पडला.

घाईत मिळालेल्या कॅपची (राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या सामन्याची) किंमतही मोजावी लागू शकते. बार्सिलोनाचा मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये १९ वर्षांचा असताना स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध काही मिनिटं खेळला. पुढे व्हॅलेन्सिया, अलावेस इथे लोनवर फिरला, स्पेनने पुन्हा विचारलं नाही, आणि अधिकृत स्पर्धेतली ती काही मिनिटं मोरोक्कोकडून खेळण्याच्या आड आली. २०१८ मध्ये क्रीडा लवादानेही त्याची मागणी फेटाळली. २०२० मध्ये फिफाने नियम सैल केल्यावरच त्याची वाट मोकळी झाली.

रांग किती लांब, हे देशावरही अवलंबून. मार्टिन ओडेगार्ड रेआल माद्रिदचा खेळाडू म्हणून हेरेनवेन, व्हिटेसे आणि रेआल सोसिएदाद करत २०२१ च्या जानेवारीत आर्सेनलकडे लोनवर आला. नॉर्वेने त्याला मार्चमध्ये कर्णधार केलं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. आर्सेनलने त्याला कायमचं करारबद्ध केलं ते ऑगस्टमध्ये.