व्होकॅलॉइड गाणं बसवायचंय? आधी गायकाची पट्टी ठरवा

आमच्या सरावखोलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गॅदरिंगचे आणि ॲनिमे मेळाव्यांचे दिवस आले की आम्हाला एकच प्रश्न सतत येतो: "आमचा बँड नवीन आहे, मिकूचं सोपं गाणं कोणतं?" हे पत्रक त्याच प्रश्नासाठी आहे. व्होकॅलॉइड म्हणजे चाल आणि शब्द दिले की गाऊन दाखवणारं सॉफ्टवेअर आणि हात्सुने मिकू हा त्यातला प्रसिद्ध आवाज, हे तुम्हाला चांगलं ठाऊक असतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

सोप्या गाण्यांची यादी आम्ही भिंतीवर लावत नाही. तेच गाणं एका बँडला झटकन बसतं आणि दुसऱ्याला महिनाभर छळतं. असं का होतं ते आम्ही रोज बघतो. गाणं व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं, सगळ्यांना आवडतं म्हणून. गिटारवाला टॅब (कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते टिपण) काढतो, कीबोर्डवाली सुरुवातीचा तुकडा पाठ करते, ड्रमर घरी उशीवर ठेका घोटतो. खोलीत आल्यावर अंतरा व्यवस्थित जातो, मुखडा येतो आणि गायिकेचा आवाज फाटतो. मग कुणीतरी म्हणतं, दोन सेमीटोन (अर्धे सूर) खाली घेऊ. डी मायनर पट्टीचं सी मायनर झालं की मोकळ्या तारांवर बसवलेला रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) कोलमडतो, पाठ केलेले टॅब वाया जातात आणि उरलेला वेळ चौघं चार मोबाइलवर कॉर्ड शोधण्यात घालवतात. तास संपतो, भाडं लागतं, आणि गाणं एकदाही सलग वाजलेलं नसतं.

दोष गायिकेचा नाही. ही गाणी मुळात माणसाच्या गळ्यासाठी लिहिलेलीच नाहीत. सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ऑगस्ट २००७ मध्ये मिकूचा आवाज विक्रीला आणला, तेव्हा तिच्यासाठी ए३ ते ई५ हे स्वर (अक्षर पाश्चात्त्य स्वराचं, आकडा सप्तकाचा) आणि ७० ते १५० बीपीएम (मिनिटाला ठोके) ही लय सुचवली होती. संगीतकारांनी ती मर्यादा लगेच ओलांडली, कारण सॉफ्टवेअरला दम लागत नाही. २००७ मधलंच 'मेल्ट' १७० बीपीएमचं आहे, २०११ चं 'सेनबोनझाकुरा' १५४ चं. मिकूच्या नाहीसं होण्यावरचं ते प्रसिद्ध अतिवेगवान गाणं तर २४० वर पळतं. ते नवीन बँडने आवडीने ऐकावं, पण बसवायला घेऊ नये.

म्हणून आमचं सांगणं असं की गाणं निवडताना गायक किंवा गायिकेपासून सुरुवात करा. मूळ गाण्याची गायकाविना आवृत्ती बऱ्याच संगीतकारांनी स्वतःच उपलब्ध केलेली असते. ती घ्या, ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकेक सेमीटोन खाली-वर करा आणि घरीच गाऊन बघा. उभं राहून, पूर्ण आवाजात, शेवटचा मुखडा लागोपाठ तीनदा. शेवटचाच का? कारण अनेक गाण्यांत तो वर चढतो. 'सेनबोनझाकुरा' शेवटी डी मायनरवरून ई फ्लॅट मायनरला जातं. पहिल्या मुखड्यावर पट्टी ठरवली तर घोटाळा शेवटी, म्हणजे ऐन कार्यक्रमात कळतो.

शास्त्रीय शिकलेल्या मुली येऊन सांगतात, "माझी पट्टी काळी चार." हे कळणं चांगलं, पण बँडच्या गाण्याला तेवढं पुरत नाही. इथे सा कुठे आहे यापेक्षा सर्वांत वरचा सूर कोणता आणि तो किती वेळ धरायचा आहे, हे महत्त्वाचं. तो एक सूर शोधा, तो आरामात लागेपर्यंत गाणं खाली आणा. मुलगा गाणार असेल तर आधी मूळ पट्टीतच एक सप्तक खाली गाऊन बघा. ए३ ते ई५ चं ए२ ते ई४ होतं आणि ते पुष्कळ मुलांच्या गळ्यात बसतं. अशा वेळी गिटारवाल्याला काहीच बदलावं लागत नाही.

पट्टी ठरली की गिटारचं बघा. एक सेमीटोन खाली जायचं असेल तर गिटार आणि बेस दोन्ही तेवढे उतरवा, बोटं तीच राहतात. दोन सेमीटोन उतरवले की पातळ तारा सैल पडतात. सी मायनरच हवं असेल तर ऱ्हिदम वाजवणाऱ्याने तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए मायनरचे आकार धरावेत. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतंच.

यानंतर गाणं सोपं की अवघड ते तपासायचं, एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावरच वाजवून. तरीही गाणं ओळखू आलं आणि ऐकावंसं वाटलं, तर घ्या. 'मेल्ट' असं उभं राहतं, म्हणून लय चढी असूनही आम्ही ते सुचवतो. सुरुवातीला १२५ च्या आसपास वाजवा. 'सेनबोनझाकुरा' सगळ्यांनाच हवं असतं. वागाक्की बँडने ते जपानी पारंपरिक वाद्यांवर काय सुंदर वाजवलंय! पण त्याचा सगळा डौल सुरुवातीच्या रिफमध्ये आहे. तो वाजवणारा हात तुमच्याकडे नसेल तर ते दुसरं गाणं म्हणून ठेवा. सिंथच्या थरांवर उभी असलेली गाणी गिटार-बेस-ड्रमवर पोकळ वाटतात, ती सध्या टाळा.

श्वासाला जागा नसलेल्या ओळी दोघांत वाटून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. शब्द रोमन लिपीऐवजी देवनागरीत लिहून काढा. जपानी स्वर आपल्याला सहज जमतात, आणि आपल्या 'चमचा'तला च असलेल्या मराठी जिभेला 'त्सु' अवघड नाही. फक्त दीर्घ स्वर पूर्ण लांबवा, नाहीतर शब्द ठेक्यावरून घसरतात.

बुकिंगच्या वेळी आम्ही गाणं, पट्टी आणि लय विचारतो. "भाडं देतोय, मग ही चौकशी कशाला?" असं काहींना वाटतं. त्या माहितीवर आम्ही तुम्ही येण्याआधी खोलीतला कीबोर्ड लावून ठेवतो, बेस उतरवून ठेवतो, क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) तयार ठेवतो. तुमच्यानंतरचा बँड दाराशी उभा असतो, त्यामुळे पट्टी शोधण्यात गेलेला वेळ आम्हाला वाढवून देता येत नाही आणि त्याचं भाडंही सोडता येत नाही.

घरी जमत नसेल तर छोटी खोली आहे. आठवड्यातल्या सकाळी तिथे अर्ध्या तासाचा पट्टी ठरवण्याचा स्लॉट मिळतो, मोठ्या खोलीपेक्षा बराच स्वस्त. गायक आणि एक गिटारवाला एवढेच या. कीबोर्डवर आमच्यापैकी कुणीतरी बसतं आणि ठरलेली पट्टी, कॉर्डसह, कागदावर लिहून देतं. अर्धा सूर उतरवलेली एक गिटार आम्ही कायम तयार ठेवतो. ती वापरायला वेगळं भाडं नाही.

पोस्टरवर मिकूचं चित्र टाकणार असाल तर क्रिप्टनच्या पिआप्रो परवान्याच्या अटी वाचा. त्या विनानफा वापरासाठी आहेत, त्यामुळे तिकीट लावलेल्या कार्यक्रमाची आधी चौकशी करा. गाण्याचे हक्क वेगळे, ते संगीतकाराकडे असतात.

सरावाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाण्याची लिंक, मूळ पट्टीपासून किती सेमीटोन खाली किंवा वर, आणि कोणत्या लयीत वाजवणार, हे व्हॉट्सॲपवर पाठवा. ड्रमच्या काठ्या आणि कॅपो स्वतःचे आणा, केबल आणि माइक आमच्याकडे आहेत.