कर्णधारपद मिळालं, मंदिराचं दार बंदच

नाशिकचं गोल्फ क्लब मैदान रणजीच्या सामन्यांनाही लागतं आणि मोर्च्यांनाही. २०२१च्या जानेवारीत मुंबईला निघालेले शेतकरी इथेच जमले होते. २०२३च्या मे महिन्यात कुस्तीपटूंना पोलिसांनी जंतरमंतरवरून उचललं, तेव्हा शहरातल्या टपऱ्यांवर एकच वाद रंगला होता: खेळाडू रस्त्यावर उतरले म्हणून काही बदलतं का? अशा वेळी दाखला हमखास १९६८च्या मेक्सिकोचा, ऑलिंपिकच्या पदक समारंभात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी उंचावलेल्या मुठींचा. इतक्या लांब जायची गरज नाही, आपल्याच क्रिकेटमध्ये पालवणकर भावांचा दाखला आहे.

बाळू पालवणकर चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातल्या हिंदू क्लबला त्यांची गोलंदाजी हवी होती, सोबत नको होती. चहाच्या वेळी बाकीचे आत कपातून चहा घेत. बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. १९२०च्या मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत (हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांच्या) तर त्यांना संघातूनच वगळलं. धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून माघार घेतली. जातीचा प्रश्न असा थेट मैदानात आला. अंतिम सामन्याला बाळू परतले, तेही उपकर्णधार म्हणून. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. तीन वर्षांत निकाल, आपल्याकडे हे दुर्मिळच.

पण पुढची तारीख नाशिकची आहे. २ मार्च १९३०, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. विठ्ठलना कर्णधार म्हणून स्वीकारून सात वर्षं झाली होती, तरी पंचवटीत रामाच्या दर्शनाला आलेल्या दलितांसाठी दरवाजे बंद. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लोक पाच वर्षं चिवटपणे झगडले, तरी दार उघडलं नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पालवणकरांना जे मिळालं ते संघाच्या यादीत मिळालं. मला त्याचं मोल कमी वाटत नाही, पण त्या यादीचा मंदिराच्या कुलपाशी संबंध नव्हता.

खुद्द बाळूंना धर्मांतर मान्य नव्हतं. १९३७च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. खेळाडू प्रतीक झाला म्हणजे चळवळीच्या सोबत शेवटपर्यंत राहतोच, असं नाही.

कुस्तीपटूंचा हिशोब ताजा आहे. लैंगिक छळाची तक्रार केल्यावर गुन्हा नोंदवायला त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. आरोप नाकारणाऱ्या महासंघाच्या अध्यक्षांवर जूनमध्ये आरोपपत्र दाखल झालं. डिसेंबरात महासंघाची निवडणूक झाली, त्यांचेच निकटवर्तीय अध्यक्ष झाले. साक्षी मलिकने पत्रकार परिषदेत कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली.