कात्रणं काढणारी कंपनी आणि गुण देणारी कंपनी

सोलापुरात पत्रकार जमले की हा मुद्दा हमखास निघतो: अमेरिकेने माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या कंपन्यांची सरकारी कंत्राटं बंद केली, मग महाराष्ट्र सरकार मीडिया मॉनिटरिंग केंद्रावर १० कोटी का घालतंय? प्रश्न रास्त आहे, पण दाखला साफ चुकीचा.

कात्रणांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. पेपर चाळायचे, प्रशासनावरच्या बातम्या काढून साहेबांपुढे ठेवायच्या. मॉनिटरिंग कंपनी त्यात चॅनेल आणि सोशल मीडिया धरते, एवढंच.

गुण देणाऱ्या कंपनीचा धंदाच वेगळा. न्यूजगार्ड ही अमेरिकी कंपनी बातम्यांच्या संकेतस्थळांना विश्वासार्हतेचे १०० पैकी गुण देते आणि ते गुण जाहिरात कुठे द्यायची हे ठरवताना वापरले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या अमेरिकी संरक्षण कायद्यातलं बंधन या व्यवहारावर होतं, तेही सैन्यभरतीच्या जाहिरातींपुरतं. कात्रणं काढणाऱ्यांना त्याने हातही लावलेला नाही.

उजनी धरणात पाणी असूनही सोलापूर शहराला काही दिवसांआड पाणी मिळतं, ही बातमी घ्या. कात्रणवाला लिहील: इतक्या पेपरांत, पहिल्या पानावर, सूर नकारात्मक. ती निव्वळ नोंद झाली. गुण देणारा म्हणेल: हा पेपर भरवशाचा नाही. हा निवाडा झाला, आणि सरकारी जाहिरातींवर चालणाऱ्या जिल्ह्यातल्या छोट्या दैनिकाचं पोट त्यावर अवलंबून राहील. नोंद आणि निवाडा यांची सरमिसळ जाणत्या पत्रकारांनी करावी, याची मला चीड येते.

आपल्याकडचा खरा धोका मॉनिटरिंग केंद्राच्या मार्च २०२५ च्या शासन निर्णयात आहे. बातम्यांची सकारात्मक-नकारात्मक वर्गवारी ही कात्रणांचीच पुढची पायरी. ती खुशाल करा. पण दिशाभूल करणाऱ्या बातमीवर लगेच खुलासा करायचा, असंही त्यात आहे. दिशाभूल झाली हे ठरवणार कोण? कंत्राटदाराने ठरवलं, तर ज्या सरकारवर बातमी, त्याच्याच पैशावर निवाडा. केंद्र सरकारच्या फॅक्ट चेक युनिटचा (बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या कक्षाचा) नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तोही सरकारच्या कारभाराविषयी खरं-खोटं सरकारनेच ठरवण्याचाच वाद होता. दाखला द्यायचा तर हा द्या. आणि मागणी कंत्राटात एका अटीची करा: कंपनीने बातम्या गोळा कराव्यात, खऱ्या-खोट्याचा शेरा मारू नये आणि तिच्या अहवालावरून कुणाची जाहिरात थांबवू नये.