नवं हँडबुक बुक करताना आधी साल सांगा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, ऑगस्ट २०२४)

गेले दोन महिने दुकानात येणारा किंवा फोन करणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळाची) सुधारित पुस्तकं कधी येणार? उत्सुकता आम्हालाही तितकीच आहे. हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा छापला गेला, त्याला यंदा पन्नास वर्षं होतायत, आणि २०१४ नंतर मूळ नियमांची पुस्तकं पहिल्यांदाच नव्याने लिहिली गेली आहेत. पण रोज फोनवर तेच सांगताना बुकिंगचं काम मागे पडतं, म्हणून हे पत्रक.

तारखा अशा आहेत. खेळाडूंसाठीचं 'प्लेअर्स हँडबुक' १७ सप्टेंबर २०२४, डाव चालवणाऱ्यासाठीचं 'डंजन मास्टर्स गाइड' १२ नोव्हेंबर, आणि राक्षसांची माहिती देणारं 'मॉन्स्टर मॅन्युअल' १८ फेब्रुवारी २०२५. तिन्ही एकदम येत नाहीत; २०१४ मध्येही ऑगस्ट ते डिसेंबर अशी एकेक करूनच आली होती. आपल्या दुकानात माल पोचायला प्रकाशनानंतर दोन-तीन आठवडे धरा. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या 'जेन कॉन' या खेळांच्या मेळाव्यात या महिन्याच्या सुरुवातीला काही प्रती आधीच विकल्या गेल्या, त्यांचेच फोटो तुम्ही पाहताय. ते पुस्तक भारतात कुणाकडे आलंय आणि आम्हीच मागे राहिलोय, असं नाही.

आता खरी अडचण. नव्या पुस्तकाचं नाव जुन्यासारखंच आहे. २०१४ चं 'प्लेअर्स हँडबुक' आणि २०२४ चंही 'प्लेअर्स हँडबुक'. २०१४ ची ती पाचवी आवृत्ती, म्हणजे 'फिफ्थ एडिशन'; नव्याला प्रकाशकांनी सहावी म्हटलेलं नाही, त्यामुळे 'फिफ्थ एडिशनचं द्या' म्हटलं तरी आम्हाला काहीच कळत नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका ग्राहकाचा मेसेज आला, 'एक प्लेअर्स हँडबुक पाठवा.' नवं अजून आलेलंच नव्हतं, म्हणून आम्ही जुनं पाठवलं. त्यांना हवं होतं नव्याचं बुकिंग. पार्सल परत आलं तोवर वरचं प्लास्टिक फाटलेलं, एक कोपरा दबलेला. त्यांचे बारा दिवस गेले आणि ती प्रत आम्हाला नवी म्हणून विकता आली नाही. असे प्रकार जूनपासून पाचदा झालेत. तेव्हा मेसेजमध्ये पुस्तकाच्या नावापुढे साल लिहाच. भेट म्हणून दुसऱ्यासाठी घेत असाल तर मुखपृष्ठ लक्षात ठेवा: जुन्यावर आगीचा महाकाय राक्षस आहे आणि पानं ३२०, नव्यावर वीरांच्या मागे सोनेरी ड्रॅगन आहे आणि पानं ३८४.

हीच गल्लत टेबलावरही होते. दुकानातल्या रविवारच्या डावात एकाने 'क्युअर वुंड्स' हा जखमा भरायचा मंत्र टाकला आणि आठ बाजूंचे दोन फासे उचलले. शेजारचा म्हणाला, एकच. दोघंही बरोबर होते: जुन्या नियमात एक फासा, नव्यात दोन. डाव पंधरा मिनिटं अडला. नव्या नियमात औषधाची बाटली पिणं बोनस ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) बसतं, शस्त्रांना 'मास्टरी' म्हणजे खास परिणाम आहे, आणि सबक्लास (पात्राच्या पेशातली खास शाखा) सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच मिळतो. जुन्यात क्लेरिकला, म्हणजे धर्मोपासक पात्राला, पहिल्याच लेव्हलला मिळायचा. एका टेबलावर एकच नियम ठेवा. ऑगस्ट २०२२ पासून चाचणीसाठी जी पत्रकं निघाली, त्यांच्यावरही विसंबू नका. राक्षसांना क्रिटिकल हिट (जादा इजा करणारा नेमका घाव) नाही हा पहिल्याच पत्रकातला नियम पुढे वगळला गेला, तरी काही टेबलांवर तो अजून चालतोय.

'मग जुनी पुस्तकं रद्दीत का?' ही काळजी आम्हाला समजते. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली आणि तीनच वर्षांत तिची सुधारित ३.५ आली, तेव्हा जगभरच्या खेळाडूंना हाच प्रश्न पडला होता. या वेळी जुनी साहसं (खेळायला तयार छापलेल्या गोष्टी) नव्या नियमांनी खेळता येतील असं प्रकाशकांनी सांगितलंय. २०१६ चं 'कर्स ऑफ स्ट्राड' कपाटात असेल तर राहू द्या, फार उत्तम साहस आहे. मोहीम, म्हणजे अनेक डावांत चालणारी गोष्ट, अर्ध्यावर असेल तर ती जुन्या नियमांनीच पूर्ण करा आणि नवी सुरू करताना नवं पुस्तक घ्या. अगदी नवख्यांनी थांबायचीही गरज नाही: २०१४ चे प्राथमिक नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि रविवारी दुपारी आमच्या टेबलावर येऊन बसायला पैसे लागत नाहीत. तिथे डाव मराठीतच चालतो, पुस्तक इंग्रजी असलं तरी.

बुकिंगला निम्मी रक्कम आधी का घेतो, हेही बरेच जण विचारतात. पुस्तकाची अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर आहे. त्यावर वाहतूक येते, आणि छापील पुस्तकांवर जीएसटी नसला तरी २०१९ पासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे. आम्ही मोजून प्रती मागवतो. एकाच माणसाने तीन दुकानांत नाव नोंदवून दोन ठिकाणी नाही म्हटलं, तर त्या दोन प्रतींचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. ॲडव्हान्सची पावती मिळते, आणि माल निघण्याआधी कळवलंत तर पूर्ण रक्कम परत देतो. बुकिंग नाव नोंदवल्याच्या क्रमानेच पुरं होतं, ओळखीच्यांना पुढे घेत नाही.

खेळांच्या दुकानांसाठी हँडबुकची वेगळ्या मुखपृष्ठाची प्रतही निघणार आहे. ती मोजकीच येईल, म्हणून हवी असल्यास बुकिंगच्या वेळीच सांगा. १५ सप्टेंबरपर्यंत नाव नोंदवणाऱ्यांना सात फाशांचा एक संच सोबत देतोय. २०१४ च्या शिल्लक प्रती कमी दरात काढल्या आहेत. जुनी मोहीम चालवणाऱ्या मंडळींना टेबलावर दुसरी प्रत लागतेच. त्या खिडकीजवळच्या फळीवर आहेत, कोपरा दबलेली कोल्हापूरची प्रत सगळ्यात स्वस्त.