गरोदरपणातील गंभीर अस्थिभंग

गरोदर स्त्रीच्या मांडीचे, नडगीचे, कटीचे (ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्याचे, म्हणजे पेल्व्हिसचे) किंवा मणक्याचे हाड मोडल्यास करावे लागणारे उपचार. मुंबईत अशा दुखापती दुचाकीचे अपघात, लोकलमधून पडणे आणि पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून घसरणे यांतून होतात. घरातली मारहाण हेही एक कारण असते. म्हणून नातेवाइकांना बाहेर थांबवून बाईला एकटीला विचारणे हा तपासणीचाच भाग आहे.

आधी आई, हे उपचारांचे पहिले सूत्र. गरोदरपणी अंगातले रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे बराच रक्तस्राव होऊनही रक्तदाब टिकून राहतो. बाळाला मात्र त्याआधीच रक्त कमी पडू लागलेले असते. 20 आठवड्यांनंतर उताणे झोपवल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. म्हणून स्ट्रेचरवर उजव्या कुशीखाली चादरीची घडी सरकवून तिला 15 ते 30 अंश डावीकडे कलते ठेवतात. मणक्याच्या दुखापतीची शंका असेल तर तिला निजवलेली अख्खी फळीच कलती करतात.

घरच्यांचा सर्वांत मोठा अडसर म्हणजे एक्स-रेची भीती. हातापायाच्या एक्स-रेतून बाळापर्यंत 0.01 मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) कमी किरण पोचतात. कटीच्या सीटी स्कॅनमध्ये हा आकडा साधारण 10 ते 50 मिलिग्रे असतो, आणि 50 मिलिग्रेच्या खाली व्यंगाचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. या भीतीपायी तपासणी लांबवणे आई आणि बाळ दोघांनाही कितीतरी अधिक घातक ठरते. एक्स-रे वाचताना एक भान हवे: गरोदरपणी जघनास्थींमधला (कटीच्या पुढच्या बाजूच्या हाडांमधला) सांधा काही मिलिमीटर मुळातच रुंदावतो, तो फाटल्यासारखा दिसू शकतो.

उघडी जखम असलेला किंवा रक्तस्राव करणारा अस्थिभंग कोणत्याही महिन्यात थांबवून ठेवत नाहीत. थांबण्याजोगी शस्त्रक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीची. हातापायासाठी शक्यतो तेवढाच भाग बधिर करतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन 20 आठवड्यांनंतर टाळतात. अंथरुणाला खिळल्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता बरीच वाढते. त्यावर हेपॅरिन हे गुठळ्या रोखणारे औषध देतात, कारण ते वारेतून बाळाकडे जात नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून 72 तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते. वार सुटण्याचा धोका असल्याने, बाळ जगण्याजोगे झाले असेल तर पोटाला पट्टा बांधून त्याचे ठोके किमान 4 तास पाहतात.

केईएम, शीव, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत हाडांचा आणि प्रसूतीचा विभाग दोन्ही आहेत. छोट्या नर्सिंग होममध्ये बहुधा यांपैकी एकच सोय असते, म्हणून 108 वर फोन करतानाच बाई किती महिन्यांची आहे ते सांगावे.

कटीचे हाड जुळून आले असेल आणि जागेवर असेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. प्लेट बसवली म्हणून सिझेरियन करावेच लागते असे नाही.