मोरकमची वाळू: जुना हमरस्ता, आजची पायवाट

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर लँकशर आणि कुंब्रिया यांच्यामध्ये मोरकम उपसागर आत घुसला आहे. लेव्हन, केंट, कीअर, लून आणि वायर या पाच नद्या त्यात येऊन मिळतात. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो आणि ओहोटीला सुमारे 310 चौरस किलोमीटर वाळू व चिखल उघडा पडतो. ब्रिटनमध्ये एवढा मोठा सलग भरती-ओहोटीचा पट्टा दुसरा नाही.

आज लोक ही वाळू चालून जायला हौसेने येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र तिथे हौसेचा प्रश्न नव्हता, कारण तो रस्ताच होता. उपसागरापलीकडचा फर्नेसचा भाग 1974 पर्यंत लँकशरमध्येच मोडत असे. तिथून लँकेस्टरला जमिनीवरून जायचे तर डोंगराळ वाटांनी मोठा वळसा पडे. वाळूवरून अलीकडच्या हेस्ट बँक गावापासून पलीकडच्या केंट्स बँक गावापर्यंतचे अंतर काही तासांचे. 1781 पासून लँकेस्टर आणि अल्व्हर्स्टनच्या दरम्यान घोडागाडीची नियमित सेवा याच वाळूवरून धावत होती. कार्टमेलच्या चर्चच्या जुन्या दफन-नोंदींत वाळूवर बुडालेल्यांची नावे पुन्हापुन्हा येतात, ती याच वाहतुकीमुळे.

प्रवाशांना वाळूपार नेणाऱ्या वाटाड्याची व्यवस्था त्याहून जुनी. केंटच्या वाळूवरचा वाटाड्या कार्टमेलच्या मठाकडून असे, लेव्हनवरचा कॉनिशेडच्या मठाकडून. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर ही जबाबदारी डची ऑफ लँकेस्टरकडे, म्हणजे राजघराण्याकडे आली. म्हणूनच या पदाला ‘राजाचा वाटाड्या’ म्हणतात. सेड्रिक रॉबिन्सन यांनी 1963 ते 2019 हे काम केले. वर्षाला 15 पौंड आणि राहायला घर, एवढाच मोबदला. त्यांच्यानंतर फ्लुकबरोचे मच्छीमार मायकेल विल्सन आले. वाटाड्या मच्छीमारच असावा यात नवल नाही. कॉकल (वाळूतले खाण्याचे शिंपले) आणि कोळंबीसाठी रोज वाळूवर उतरणाऱ्यालाच ती कळते.

कळायचे म्हणजे काय? केंटचा प्रवाह जागा बदलत राहतो. गेल्या पंधरवड्यातली सुरक्षित वाट आज कमरेएवढ्या पाण्यात असू शकते, त्यामुळे छापील नकाशाचा इथे उपयोग नाही. चालण्याच्या आधी वाटाड्या जाऊन काठीने तळ तपासतो, नदी ओलांडायची जागा ठरवतो आणि लॉरेल या सदाहरित झुडपाच्या फांद्या रोवून वाट आखतो. नदीपाशी आल्यावर लोकांना एकामागोमाग न चालवता आडव्या रांगेत पांगवतात. एकाच जागी शंभर पावले पडली की पाण्याने भरलेली वाळू ढवळून पातळ होते आणि मागच्यांचे पाय रुततात.

रुतलेला पाय सरळ वर ओढू नये. पायाखाली पोकळी होऊन ओढ बसते, पाय आणखी घट्ट धरला जातो. मागे रेलून वजन पसरायचे आणि पाय थोडाथोडा हलवत शेजारी पाणी शिरू द्यायचे, मग वाळू सैल होते. पण जीव जातो तो बहुधा रुतण्यापेक्षा भरतीने. वाळू दिसायला सपाट असली तरी तिच्यात खोल ओघळ असतात. भरती आधी त्या ओघळांत, माणसाच्या पाठीमागे भरते. समोर कोरडी वाळू दिसत असतानाच किनाऱ्याकडची वाट तुटलेली असते.

5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री हेच घडले. अंधारात कॉकल गोळा करायला उतरवलेले 23 चिनी मजूर बुडाले. ना वाळूची माहिती, ना भरतीची, आणि मुकादमाला त्यांची पर्वा नव्हती. त्याच वर्षी मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

वाळूवरची घोडागाडी बंद पाडली ती रेल्वेने. 1857 मध्ये अल्व्हर्स्टन-लँकेस्टर मार्ग सुरू झाला. आर्नसाइडजवळ केंटवर सुमारे अर्ध्या किलोमीटरचा पूल उभा राहिला. रेल्वेने ग्रेंज-ओव्हर-सँड्सला हवापालटाचे गाव केले, तर दक्षिणेकडे मोरकममध्ये यॉर्कशरच्या गिरणी कामगारांची सुट्टीतली गर्दी आणली. 1933 चे पांढरे, वक्राकार मिडलँड हॉटेल हे त्या दिवसांचे सर्वांत देखणे अवशेष. पुढे स्वस्त परदेशी सहलींनी मोरकमचा हंगाम मोडला. हॉटेल दुरुस्त होऊन 2008 मध्ये पुन्हा उघडले. कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रकल्पाच्या, म्हणजे मोठ्या घुमटांखालच्या बागांच्या पर्यटनस्थळाच्या, मोरकम शाखेसाठी 2023 मध्ये सरकारने 5 कोटी पौंड जाहीर केले. गावाची भिस्त आता त्यावर आहे. ग्रेंजचे नशीब वेगळे: केंट दूर सरकली, वाळूवर गवत माजले. समुद्रकाठी फिरण्यासाठी बांधलेल्या फरसबंदीसमोर आता मेंढ्या चरतात.

चालायला जायचे तर वाटाड्याबरोबरच जावे. सहसा आर्नसाइडहून निघून केंट्स बँकला पोहोचायचे, वेडीवाकडी वाट धरून साधारण 13 किलोमीटर, तीन-चार तास. केंटने जागा बदलली की वाट बदलते, कधी फेरी रद्दही होते. अर्धी चड्डी आणि जुने कॅनव्हासचे बूट घालावेत. गमबूट नकोत, नदीत ते पाण्याने भरतात आणि पाऊल उचलत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत लागते. केंट्स बँकला रेल्वे स्टेशन आहे. तिथून परतीची गाडी ग्रेंजवरून, त्याच पुलाने केंट ओलांडून आर्नसाइडला येते.